घरातली लाट

फाटकावरची अक्षरं हातभर उंच होती. पत्र्यातून कापलेली, गंजून तांबूस झालेली. जूनच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या धुक्यात त्यांच्यावरून पाणी ओघळत होतं. मोहनराव ती अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी एकेक करून वाचत उभे होते. ओ. एल. आय. ए. आर. ओ.

काल केलीव्हिलहून साडेसहा तास गाडी चालवून सगळे किंग व्हॅलीत पोचले, तेव्हा अंधार पडला होता. फाटक कुणाला दिसलंच नव्हतं. लाँग वीकएंड आहे, इटालियन लोकांच्या शेतावर राहायचं, ऑलिव्ह तोडायचे, आपल्या डोळ्यांदेखत तेल काढून मिळतं, असं मुलाने, शैलेंद्रने, महिन्यापूर्वी सांगितलं होतं. मोहनरावांना त्यातलं फक्त 'तेल' ऐकू आलं होतं.

"गुड मॉर्निंग, मोहन." शेताची मालकीण एल्दा कोंबड्यांकडून अंडी घेऊन येत होती. ब्याऐंशी वर्षांची बाई, गुडघ्यापर्यंत गमबूट.

"हे तुमचं आडनाव?"

"ओलियारो. माझं, माझ्या बापाचं, त्याच्या बापाचं."

"अर्थ काय त्याचा?"

"तेल काढणारा," एल्दा म्हणाली. "दुसरं काही करतच नव्हते ना आमच्याकडे. गावाने तेच नाव ठेवलं." दूधवाला आला होता असं सांगावं, तितक्या सहज तिने ते सांगितलं आणि ती अंडी सांभाळत घराकडे गेली.

मोहनरावांनी त्या गार लोखंडावर हात ठेवला. एकोणपन्नास वर्षांपूर्वी पुण्यात नवी नोकरी लागल्यावर त्यांनी स्टँपपेपर करून, गॅझेटमध्ये छापून आपलं आडनाव बदलून घेतलं होतं. मोहन सदाशिव तेलीचे ते मोहन सदाशिव निंबोळकर झाले होते. त्याआधी भाड्याच्या खोलीची मालकीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाली होती, "आमचे हे सकाळी कामावर निघतात तेव्हा तुम्ही मागच्या जिन्याने जात जा हं. सकाळी सकाळी तेल्याचं तोंड नको समोर यायला." ते वर्षभर मागच्या जिन्याने गेले. आणि इथे तेच नाव कुणीतरी पत्र्यातून कापून, रस्त्यावरून वाचता येईल इतकं मोठं करून, फाटकावर ठोकलं होतं.

"अहो, टोपी न घालता काय उभे राहिलात?" मीनाक्षीताई शाल गुंडाळून आल्या. त्यांनी आधी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि मग त्याच्या हातातला फोन. "गावाकडून अजितचा मेसेज आला का परत?"

"सोमवारी लाकूडवाला येतोय म्हणे. पावसाच्या आत अजितला तिथे शेड घालायचीय. घाणा काढायचाच आहे, लाट सरपणाला देऊ का, विचारतोय."

"मग द्या म्हणावं. चाळीस वर्षं बंदच आहे तो घाणा."

"नको म्हणावंसं वाटतंय."

"नको म्हणून ठेवणार कुठे? आणि मुलांना काय सांगणार, कसली लाट, कुणाचा घाणा?" त्यांनी आवाज खाली आणला. "लीनाच्या देखत हे काढू नका. तिच्या आईने लग्नाची बोलणी करायच्या वेळी विचारलं होतं, मूळचे कुठले तुम्ही. मी 'निंबोळ्याचे' एवढंच बोलले. चौदा वर्षं निभावलंय मी. आता दोन दिवसांत नका घालवू."

"तुझंही माहेर तेल्याचंच, मीनाक्षी."

"म्हणूनच सांगतेय," त्या म्हणाल्या.

घरातून स्वरदाची हाक आली, "आजी, देअर्ज पॅनकेक्स," आणि त्या वळल्या. मोहनरावांनी फोन खिशात टाकला. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. 'हो' एवढं एकच अक्षर टाइप करून त्यांनी तीनदा पुसलं होतं.

*

धुकं नऊच्या पुढे वर चढलं आणि लीनाला पहिल्यांदा दरी दिसली. रात्रभर आपण कशाच्या मध्ये झोपलो होतो हे तिला कळलंच नव्हतं. उतारावर पानं झडलेल्या द्राक्षवेलींच्या ओळी खाली नदीपर्यंत गेल्या होत्या आणि त्यांच्या वर ऑलिव्हची झाडं उभी होती. वारा आला की पानं उलटायची आणि सगळी टेकडी हिरव्याची चंदेरी व्हायची. पुन्हा हिरवी. लीना हातातली प्लास्टिकची फणी विसरून बघत राहिली. एरवी शाळेचा डबा, स्टँड-अप मीटिंग, स्विमिंगचा क्लास याच्यात तिला असं नुसतं उभं राहायला कधी मिळत नव्हतं.

काम सोपं होतं. झाडाखाली जाळी पसरायची, फांदीवरून फणी ओढायची. टपटप करत ऑलिव्ह जाळीत पडायचे. काही काळे, काही जांभळे, काही अजून हिरवेच. प्रत्येक कुटुंबाच्या क्रेटवर खडूने नाव लिहायचं, म्हणजे त्यांचं तेल वेगळं निघतं. शैलेंद्रने मोठ्या अक्षरांत 'निंबोळकर' लिहिलं.

"मम्मा, लुक, जांभळं," स्वरदा म्हणाली आणि लीना नको म्हणेपर्यंत तिने एक तोंडात टाकलं. पुढच्या क्षणी तिचा चेहरा असा वाकडा झाला की सुखदा आत्या फणी टाकून हसायला लागली.

"थुंक, थुंक. माझ्या हातावर थुंक." लीनाने हात पुढे केला. "कडू जहर असतात गं ते झाडावर."

"देन वाय डू पीपल इट देम?"

"तेल काढल्यावर कडूपणा कमी होतो," मोहनराव पलीकडच्या फांदीवरून म्हणाले. "थोडा राहतो. राहायलाच हवा. अजिबात नसला तर समजायचं, तेल जुनं आहे."

"बाबा, तुम्ही कधीपासून ऑलिव्ह ऑइल एक्स्पर्ट?" शैलेंद्र म्हणाला.

"वाचलं कुठेतरी," मोहनराव म्हणाले. मीनाक्षीताई मान वर न करता जाळीतली पानं वेचत राहिल्या.

स्वरदाला कंटाळा आला तसं सुखदाने तिला क्रेटवर बसवलं. सुखदा वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओ होती आणि अडून बसलेल्या पेशंटला बोलतं ठेवायची तिला सवय होती. "तुला लाटेची गोष्ट सांगितली का आजोबांनी? नाही? दादा, तू तिला लाटेची गोष्ट सांगितली नाहीस? काय बाप आहेस."

"मला नीट आठवत नाही ती."

"मला आठवते. ऐक. एक घर होतं. त्या घरात एक लाट राहायची. अ वेव्ह. मोठी, काळी. ती पुढे जायची नाही, मागे जायची नाही, नुसती गोल गोल फिरायची. आणि तिला एक बैल ओढायचा, डोळे झाकलेला."

"वाय वॉज ही ब्लाइंडफोल्डेड?"

"त्याला चक्कर येऊ नये म्हणून. आणि तुझी खापरपणजी, म्हणजे आजोबांची आजी, आत चुलीपाशी बसायची. लाट फिरताना आवाज करायची, कुईं, कुईं. आवाज थांबला की खापरपणजी आतूनच हाक मारायची, 'का रे थांबलास?' की लाट परत सुरू."

"मी तिसरीत चित्र काढलं होतं त्याचं," शैलेंद्र म्हणाला. "घराच्या खिडकीतून समुद्र बाहेर येतोय आणि समुद्राला बैल जुंपलाय. बाईंनी शेरा दिला होता, कल्पनाशक्ती उत्तम."

सगळे हसले. लीनाही हसली, पण तिचं काहीतरी अडलं. स्वरदाच्या शनिवारच्या मराठी शाळेत ती महिन्यातून दोनदा शिकवायची, तो, ती, ते घोकून घ्यायची, त्यामुळे असेल.

"पण लाट ती ना?" ती म्हणाली. "मग 'का रे' कसं? 'का गं थांबलीस' म्हणायला हवं."

सुखदा थबकली. "अय्या, खरंच की. चाळिशी आली, माझ्या लक्षातच नाही आलं कधी. बाबा, 'का रे' का?"

मोहनरावांची फणी एकाच फांदीवरून रिकामीच वरखाली होत होती. मग लीनाला सासूबाईंचे डोळे दिसले, नवऱ्यावर रोखलेले, नाही म्हणणारे. तिने पटकन विषय बदलला. "क्रेट भरला बघा. न्यायचा का शेडमध्ये?"

*

तेल काढायचं यंत्र स्टीलचं होतं, हॉस्पिटलसारखं स्वच्छ. एका टोकाला ऑलिव्ह गेले आणि तासाभराने दुसऱ्या टोकाच्या नळीतून जे बाहेर आलं, ते बघायला सगळे दाटीवाटीने उभे राहिले. ते तेल पिवळं नव्हतं. कोवळ्या गवताचा रस काढावा तसं हिरवंगार, धूसर, जाड धार. शेडभर कापलेल्या गवताचा आणि कच्च्या कैरीचा वास पसरला. स्वरदाने आईचा हात धरला.

एल्दाने पावाचे तुकडे त्यात बुडवून एकेकाच्या हातावर ठेवले. मोहनरावांनी तुकडा लगेच खाल्ला नाही. आधी बोटावरचा थेंब अंगठ्याने चोळून बघितला, नाकाशी नेला, मग जिभेला लावला. घशात तिखट लागलं तसे ते खोकले, आणि खोकता खोकता हसले.

एल्दा त्यांच्या बोटांकडे बघत होती. "माझा बाप असंच करायचा," ती म्हणाली. "या, तुम्हाला खरी गिरणी दाखवते."

शेडमागे सगळ्यात मोठ्या ऑलिव्हखाली दगडाचं एक उथळ कुंड होतं, आणि त्यात उभं ठेवलेलं दगडी चाक, शैलेंद्रच्या छातीइतकं उंच. मधल्या भोकातून लाकडी दांडा गेलेला.

"हे आमच्या इटलीतल्या गावातलं," एल्दा म्हणाली. "बाप एक्कावन्न साली इथे आला, तंबाखू लावायला. तेव्हा सगळे तंबाखूच लावायचे इथे. शहाऐंशी साली भावाचं पत्र आलं, गावची गिरणी पाडतायत, गाड्या लावायला जागा हवीय. मी म्हटलं, दगड पाठव. बोटीने आला, तीन महिन्यांनी. ट्रकमधून उतरवायला आख्खी दरी जमली आणि आख्खी दरी हसली."

"का?" सुखदाने विचारलं.

"तेव्हा इथे ऑलिव्हचं एक झाड नव्हतं, लव्ह. एकही नाही. आधी दगड आला. मग मी झाडं लावली."

लीनाने मागे वळून टेकडी पाहिली. इतक्या सगळ्या ओळी, इतकी हलणारी चंदेरी पानं. एका बाईने एक दगड आणून ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत बघत एवढी टेकडी उभी केली होती.

एल्दाने शेडच्या भिंतीवरची तसबीर काढून आणली. जुन्या फोटोत तेच चाक होतं, त्याला जुंपलेलं एक गाढव. गाढवाच्या डोळ्यांवर कापडी झापडं, आणि प्रत्येक झापडावर भरतकाम केलेलं एक छोटं फूल.

"आईने केलं होतं ते. बिचाऱ्याला दिसत तर काही नाही, निदान दिसायला तरी चांगला दिसू दे, म्हणायची."

मीनाक्षीताईंनी तसबीर दोन्ही हातांत घेतली. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर.

"लाल दोरा असणार," त्या म्हणाल्या. "मी लालच घ्यायचे. आमच्या सर्ज्याच्या झापडांना कमळ काढलं होतं मी, दहा वर्षांची असताना. आप्पा म्हणाले, घाण्याच्या बैलाला कसलं गं कमळ? पण उसवलं नाही त्यांनी. फाटेपर्यंत तेच—"

आणि त्या थांबल्या. तसबीर त्यांच्या हातातच होती. त्यांनी आधी मोहनरावांकडे पाहिलं, मग लीनाकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम हातून काचेचं भांडं सुटलेल्या लहान मुलीसारखा झाला.

"घाण्याचा बैल?" शैलेंद्र म्हणाला. "आई, तुझ्या माहेरी घाणा होता?"

"आपल्याकडेही होता," मोहनराव म्हणाले. "अजून आहे. सोमवारपर्यंत. दगडाचं उखळ, त्यात चिंचेच्या लाकडाचा उभा सोट, माणसाहून उंच. तो फिरतो, दाणे दळले जातात, तेल निघतं. त्या सोटाला लाट म्हणतात."

सुखदाचा हात तोंडावर गेला. "लाट," ती म्हणाली.

"आणि 'का रे थांबलास' आजी बैलाला म्हणायची. तिला आतून बैल दिसायचा नाही. लाटेचा आवाज थांबला की कळायचं, तो थांबलाय. आपण तेली, सुखदा. आडनावही तेच होतं. मी बदललं."

शैलेंद्रने कॅप काढली, परत घातली.

"बेचाळीस वर्षांचा आहे मी, बाबा. मला सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं होतं," मोहनराव म्हणाले. "रोज झोपताना. तू समुद्र काढलास. बाईंनी शेरा दिला. इतका खूश होऊन आलास तू घरी. मग मी दुरुस्त नाही केलं."

शैलेंद्रने बायकोकडे पाहिलं, आधार शोधावा तसं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हवं होतं ते नव्हतं. तिथे आश्चर्यच नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

लीनाने स्वरदाचे केस कानामागे सारले. "लग्नाआधीपासून. निंबोळ्याच्या शाळेतले एक मास्तर मामाच्या ओळखीचे होते. आई म्हणाली, तुझ्या घरच्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐकू. आपण विचारायचं नाही. मला वाटायचं तुला माहितीये, आणि तुला ते बोलायचं नाहीये. म्हणून मीही कधी..."

"म्हणजे घरात मी आणि सुखदाच बावळट."

"सुखदाला का मध्ये घेतोस?" सुखदा म्हणाली, आणि तिला हसू आलं, रडूही.

मीनाक्षीताई मात्र लीनाकडेच बघत होत्या. चौदा वर्षं त्या या मुलीसमोर जपून बोलल्या होत्या. तिच्या आईकडे जाताना तेलाची बाटलीसुद्धा कधी भेट म्हणून नेली नव्हती. आणि चौदा वर्षं ही मुलगीही समोर बसून तितकंच जपून बोलत होती, त्यांना अवघडू नये म्हणून.

"तुझ्या आईला माहीत असून दिली तुला?" त्यांनी विचारलं.

"दिली काय, आई. मीच आले," लीना म्हणाली. तिने त्यांच्या हातातली तसबीर अलगद घेऊन एल्दाकडे दिली. मग सासूबाईंचे हात तिने आपल्या हातांत घेतले. "कमळ कसं काढलं होतं ते मला आणि स्वरदाला शिकवाल?"

एल्दाला मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं. पण तिने कुणाला काही विचारलं नाही. खुर्ची ओढून मीनाक्षीताईंच्या मागे ठेवली एवढंच.

*

"सोमवारपर्यंत म्हणजे काय?" शैलेंद्रने थोड्या वेळाने विचारलं. तो वडिलांशेजारी कुंडाच्या काठावर बसला होता. मोहनरावांनी फोन त्याच्या हातात दिला. त्याने मेसेज वाचला, खालीवर केला. 'हो' लिहून पुसल्याचं त्यात दिसत नव्हतं.

"तुम्हाला ती हवीय ना? मग इकडे आणू. दगड येतो तर लाट येईल."

"दादा, एअरपोर्टवर आईच्या लोणच्याची बरणी सोडली नव्हती त्यांनी," सुखदा म्हणाली. "चिंचेचं आख्खं झाड सोडतील?"

"इकडे कशाला?" मोहनराव म्हणाले. "फोन लाव अजितला."

भारतात सकाळचे साडेनऊ वाजले होते. अजितने पहिल्याच रिंगला उचलला. शैलेंद्रने स्पीकर चालू करून फोन दगडी कुंडात ठेवला. सगळे भोवती वाकले, शेकोटीभोवती वाकावं तसे.

"काका? बोला. लाकूडवाल्याचाच फोन आलता आत्ता. देऊन टाकू ना?"

"देऊ नकोस."

"बरं." अजित घोटाळला. "पण ठेवू कुठं, काका? शेडला जागा तर पायजे."

"ओट्यावर ठेव. उखळासकट. रस्त्याच्या बाजूला, दारासमोर."

"दारात? येणारेजाणारे विचारतील की, हे काय म्हणून."

"मग सांग त्यांना."

पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या. अजित म्हणाला, "सांगतो." त्याचा आवाज बदलला होता. "मला पण तोडावीशी वाटत नव्हती, काका. पण तुम्ही शहरातली माणसं. म्हटलं, तुम्हाला नकोच असंल."

मोहनरावांनी चष्मा काढून पुसला. स्वरदा त्यांच्या मांडीवर चढून फोनवर वाकली. "अजितकाका, कॅन आय सी द वेव्ह?"

"काय म्हणतीय?"

"लाट बघायचीय तिला," लीना म्हणाली.

"रेंज नाय आत व्हिडिओला. थांब, ऐकवतो." पावलं वाजली, कुठलीतरी कडी निघाली. अजितने फोन कशावर तरी ठेवला. लाट ढकलताना त्याला लागलेला दम ऐकू आला, मग लाकडाचा एक जाड, नाखूष कुरकुराट. आणि मग, चाळीस वर्षं न ऐकलेला, लांब, ओला आवाज. कुईं. थांबून पुन्हा. कुईंऽ.

मीनाक्षीताईंनी डोळे मिटले. शैलेंद्रचे ओठ नकळत उघडे राहिले. तिसरीतल्या मुलाने खिडकीतून बाहेर येणाऱ्या समुद्राला कधी आवाज दिला नव्हता. तो आता आला होता. एल्दाने चाकाच्या दांड्यावर हात ठेवला. हा आवाज कसला, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"इट्स नॉट द सी," स्वरदा हळूच म्हणाली.

"नाही," सुखदा म्हणाली. "पण लाटच आहे."

आवाज थांबला. अजित दमला असावा. फोनमधून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता आणि लांब कुठेतरी ट्रॅक्टर. वर ऑलिव्हची पानं उलटून चंदेरी झाली.

मोहनराव कुंडात वाकले. एकाहत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या गळ्यातून आलेला आवाज त्यांचा नव्हता. तो चुलीपाशी बसलेल्या, समोरचं काही न दिसणाऱ्या कुणा बाईचा होता.

"का रे थांबलास?"

पलीकडे अजित हसला, आणि लाट परत फिरायला लागली.